प्रोपोलिस, मध, मेण आणि दंतोपचाराची द्रव्ये: ऊतींना नेमके काय सोसते?

मूलनलिका (धागाकर्ती)

दंतोपचारात वापरला जाणारा जवळजवळ प्रत्येक पदार्थ शेवटी जिवंत ऊतीपर्यंत पोहोचतो. खोल किडीत बसवलेले फिलिंग आणि दंतमज्जा (दाताच्या आतला मऊ, जिवंत गाभा) यांच्यात कधी कधी अर्धा मिलिमीटरही दंतिन (एनॅमलखालचा कठीण थर) उरलेले नसते, मूळनलिकेत ठेवलेले औषध मुळाच्या टोकावरच्या छिद्रातून हाडाकडे झिरपते, आणि कवळीखाली लावलेले जेल तासन्‌तास टाळूला चिकटून राहते. म्हणूनच मधमाश्यांपासून मिळणारे पदार्थ, विशेषतः प्रोपोलिस म्हणजे पोळ्यातला राळयुक्त डिंक, दंतद्रव्यांत मिसळण्याच्या प्रयोगांविषयी वाचताना एक वाक्य मला वारंवार अडवते: ‘हा पदार्थ नैसर्गिक आहे, त्यामुळे तो ऊतींशी सुसंगत आहे.’ माझा आक्षेप त्यातल्या ‘त्यामुळे’ या शब्दाला आहे.

जैवसुसंगततेची सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा, की ठरावीक उपयोगासाठी शरीरात ठेवलेल्या द्रव्याला शरीराकडून त्या उपयोगाला साजेसा प्रतिसाद मिळत असेल, तर ते द्रव्य सुसंगत म्हणावे. म्हणजे सुसंगतता हा पदार्थाचा वास किंवा रंग यांसारखा कायमचा गुण नाही. एकच अर्क हिरडीवर दोन मिनिटे लावला तर निरुपद्रवी आणि उघड्या दंतमज्जेवर महिनाभर ठेवला तर घातक, असे होऊ शकते.

प्रोपोलिसविषयीची आशा निराधार नाही, हेही सुरुवातीलाच मान्य करते. मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरची आणि सालीवरची राळ गोळा करतात, तिच्यात मेण आणि स्वतःचे स्राव मिसळतात आणि पोळ्याच्या फटी बुजवतात. ढोबळमानाने त्यात निम्मी राळ, तीस टक्के मेण, दहा टक्के बाष्पनशील तेले, पाच टक्के पराग आणि उरलेले इतर घटक असतात. पॉप्लर झाडांच्या प्रदेशातील प्रोपोलिसमध्ये पिनोसेम्ब्रिन, गॅलँगिन, क्रायसिन ही फ्लेव्होनॉइडे आणि कॅफेइक आम्लाचे फेनेथिल एस्टर, म्हणजे ‘केप’, आढळते. केप हे पेशीतील दाहाची सूत्रे हलवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अडवते, असे १९९६ मध्ये दाखवले गेले, आणि त्यानंतर दंतशास्त्रानेही या पदार्थाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली.

२००४ मधील एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. त्यात दातभोवतालच्या बंधाच्या आणि दंतमज्जेच्या पेशींना प्रोपोलिस आणि मूळनलिकेत नेहमी वापरले जाणारे औषध, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, यांच्या संपर्कात ठेवले होते. मिलिलिटरमागे ४ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रोपोलिस असताना ७५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या अवघ्या ०.४ मिलिग्रॅम मात्रेत २५ टक्क्यांहून कमी उरल्या. आकडे बोलके आहेत, परंतु ते नेमके काय बोलतात, याबद्दल प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल. शल्यचिकित्सक, मधमाशीपालक आणि ज्यांनी ही उत्पादने स्वतः वापरली आहेत अशा वाचकांनीही अवश्य लिहावे.

---

पेशीवर्धन

आपण विषयाला योग्य ठिकाणी हात घातला आहे. मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून फक्त मोजमापाविषयी लिहितो. जरा लांबेल, पण माझ्या मते गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

पेशीविषतेसाठी आयएसओ १०९९३-५ हे मानक पाळले जाते. द्रव्याचा अर्क पेशींवर घालायचा किंवा द्रव्य थेट त्यांच्या संपर्कात ठेवायचे, आणि जिवंत पेशींचे प्रमाण नियंत्रण गटाच्या ७० टक्क्यांखाली गेले तर द्रव्यात पेशीविषतेची क्षमता आहे असे मानायचे. हे प्रमाण बहुधा एमटीटी चाचणीने काढतात. एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य आहे. जिवंत पेशींमधील विकरे त्याचे क्षपण करून त्याला जांभळ्या फॉर्मझानमध्ये बदलतात, आणि जांभळा रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी अधिक, असा हिशेब असतो.

अडचण अशी, की प्रोपोलिसमधील पॉलिफिनॉलेही क्षपण करतात. त्यांची प्रतिऑक्सिडीकारक म्हणून जी ख्याती आहे ती याच गुणामुळे. पेशी नसतानाही ती एमटीटीला जांभळे करू शकतात. मी प्रथम प्रोपोलिसवर काम केले तेव्हा सवयीने प्रयोगाच्या प्लेटमधल्या काही खाचा (लहान कप्पे) पेशीविरहितही ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वाधिक मात्रेच्या खाचा स्वच्छ जांभळ्या झाल्या. त्या ठेवल्या नसत्या, तर ‘जास्त मात्रेतही पेशी सुखरूप’ असा निष्कर्ष मी प्रामाणिकपणे लिहून टाकला असता. तेव्हापासून अर्क काढून टाकून पेशी धुतल्याशिवाय मी एमटीटी घालत नाही, आणि क्षपणावर न चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या पद्धतीने, उदाहरणार्थ पेशींतील एकूण प्रथिनाला रंग देऊन, निकाल पडताळल्याशिवाय त्यावर विसंबत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच सहज होते. संवर्धन द्रवात पॉलिफिनॉलांचे आपोआप ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्या पेरॉक्साइडने पेशी मेल्या, तर दोष प्रोपोलिसच्या नावावर लागतो. पण रक्ताभिसरण चालू असलेल्या ऊतीत कॅटलेजसारखी विकरे ते पेरॉक्साइड बऱ्याच अंशी मोडून टाकतात. म्हणजे एकाच पदार्थाविषयी खोटा दिलासा आणि खोटी भीती, दोन्ही एकाच प्लेटमध्ये तयार होऊ शकतात.

तिसरी गोष्ट द्रावकाची. प्रोपोलिस पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्याचा अर्क बहुधा ७० टक्क्यांच्या आसपासच्या इथेनॉलमध्ये काढला जातो. इथेनॉल स्वतः पेशींना मारते, त्यामुळे संवर्धन द्रवातले त्याचे अंतिम प्रमाण अर्ध्या ते एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते आणि तेवढेच इथेनॉल असलेला स्वतंत्र नियंत्रण गट लागतो. शिवाय हा अर्क पाण्यासारख्या माध्यमात मिसळताच द्रव गढूळ होतो, राळेचा काही भाग तळाशी बसतो, आणि कागदावर लिहिलेली मात्रा पेशींपर्यंत खरोखर पोहोचली की नाही हे सांगता येत नाही. माध्यमात रक्तद्रव असेल तर त्यातील अल्ब्युमिन फ्लेव्होनॉइडांना बांधून ठेवते आणि विषता कमी दिसते. एखाद्या अहवालात द्रावकाचा नियंत्रण गट, पेशीविरहित खाचा आणि रक्तद्रवाचे प्रमाण यांचा उल्लेख नसेल, तर त्यातला टक्केवारीचा आकडा मी बाजूला ठेवतो.

---

मूलनलिका

@पेशीवर्धन, मनापासून आभार. पेशीविरहित खाचांचा मुद्दा माझ्या वाचनात आला होता, मात्र तो इतक्या ठोसपणे प्रथमच समजला.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी केलेल्या तुलनेबद्दल माझी एक शंका आहे. त्याचा पीएच सुमारे १२.५ असतो आणि जिवाणूंविरुद्धची त्याची ताकद त्या दाहक अल्कधर्मी गुणातच आहे. प्लेटच्या खाचेत अडकलेल्या पेशींना त्यातून पळवाट नसते. दातात मात्र दंतिन आणि ऊतींतील द्रव हायड्रॉक्सिल आयनांना बरेचसे शमवतात, आणि दंतमज्जेवर ठेवल्यावर मृत पेशींचा एक पातळ थर होऊन त्याखाली दुरुस्ती सुरू होते. तेव्हा खाचेतील तुलनेत प्रोपोलिस सौम्य ठरले, यावरून दातातही ते श्रेष्ठ ठरते असे म्हणता येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने दोन प्रश्न एकत्रच यावे लागतात: पेशी किती वाचल्या, आणि दंतिनातल्या सूक्ष्म नलिकांत खोल शिरलेला एन्टरोकोकस फीकॅलिस हा चिवट जिवाणू किती मेला. ज्या मात्रेला जिवाणू मरतात ती मात्रा पेशींना सोसते का, हे एकाच अर्कावर आणि एकाच मांडणीत पाहिलेले असेल, तरच मला तो अभ्यास उपयोगाचा वाटतो.

दंतद्रव्यांसाठी आयएसओ ७४०५ हे वेगळे मानक आहे ते याच कारणासाठी. त्यात द्रव्य आणि पेशी यांच्यामध्ये दंतिनाची चकती ठेवून करायची चाचणी आहे, दंतमज्जा झाकण्याची चाचणी आहे, आणि मूळनलिकेतल्या प्रत्यक्ष वापराची चाचणीही आहे. प्रोपोलिसवरचे बरेचसे काम मात्र पहिल्याच पायरीवर, उघड्या पेशींवर थांबलेले दिसते.

---

हन्वस्थी

मुखशल्यचिकित्सेत काम करणाऱ्याच्या नजरेतून एक जुना धडा सांगतो. प्रोपोलिसच्या गर्दीत तो विसरला जातो आणि मला त्याचे वाईट वाटते.

मधमाश्यांपासून मिळणारा एक पदार्थ शतकाहून अधिक काळ शरीरात, अगदी हाडात, ठेवला जात आहे, तो म्हणजे मेण. १८९२ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यचिकित्सकाने हाडातून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी सात भाग मेण, एक भाग बदाम तेल आणि एक टक्का सॅलिसिलिक आम्ल यांचे मिश्रण सुचवले. आजच्या बोन वॅक्सचा मुख्य घटकही मधमाशीचे मेणच आहे. त्याला मऊ ठेवण्यासाठी इतर द्रव्ये मिसळतात. हाडाच्या छिद्रांत ते बोटाने दाबून बसवले की रक्त तत्काळ थांबते, कारण ते त्या छिद्रांना बूच लावते. रक्त गोठण्याच्या रासायनिक साखळीशी त्याचा काहीच संबंध नसतो.

नेहमीच्या पेशीचाचणीत मेण निरुपद्रवीच दिसेल, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि त्यातून पेशींकडे फारसे काही झिरपत नाही. परंतु शरीर त्याचे विघटनही करू शकत नाही. ते वर्षानुवर्षे जागेवर राहते, त्याभोवती परकीय वस्तूला प्रतिसाद देणाऱ्या महाकाय पेशी जमतात, तंतुमय आवरण तयार होते, कधी ग्रॅन्युलोमा होतो, आणि मेण जिथे आहे तिथे नवे हाड भरत नाही. त्याच्या उपस्थितीत हाडाला जिवाणूंची साफसफाई करणेही अवघड जाते. अक्कलदाढ काढलेल्या खोबणीत हे ठेवताना आम्ही म्हणूनच हात आखडता घेतो आणि शक्य असेल तिथे जिलेटिन स्पंज किंवा ऑक्सिडीकृत सेल्युलोज वापरतो. पाण्यात विरघळून निघून जाणारे कृत्रिम पर्यायही तयार झाले आहेत.

मला यातला उलटा क्रम महत्त्वाचा वाटतो. मेण पूर्ण नैसर्गिक आहे, पेशीविषारी नाही, आणि तरीही हाडाच्या दुरुस्तीशी विसंगत आहे. तर त्याच्या जागी येणारा कृत्रिम बहुवारिक हाडाला अधिक सोसतो. ‘पेशी मरत नाहीत’ आणि ‘ऊती बरी होते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक-दोन दिवस लागतात, दुसरीला महिने.

---

जुनीहाडे

@हन्वस्थी यांच्या मेणाच्या मुद्द्याला एक छोटी जोड. स्लोव्हेनियातील लोंचे येथील गुहेत मिळालेल्या सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या मानवी जबड्यातील एका सुळ्याच्या भेगेत मधमाशीचे मेण भरलेले आढळले, आणि तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मेण व्यक्ती जिवंत असताना भरले की मृत्यूनंतर, हे निश्चित करता आलेले नाही. संशोधकांनी दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत. म्हणून ‘मानवाने हजारो वर्षे मेण दातात वापरले, म्हणजे ते सुरक्षित’ असा युक्तिवाद या सुळ्याच्या आधारावर करू नये, इतकेच सुचवायचे होते.

---

मोहोळ

मी मधमाशीपालक आहे, दंतवैद्यकातले मला कळत नाही. पण ज्याला आपण ‘प्रोपोलिस’ म्हणता तो एक पदार्थ नाही, हे पोटतिडकीने सांगावेसे वाटते. माझ्याच पेट्यांमधून खरवडलेला डिंक वसंतात वेगळा असतो आणि पावसानंतर वेगळा; रंग, वास, चिकटपणा, सगळे बदलते, कारण आसपास कोणत्या झाडाला कोंब फुटले आहेत त्यावर मधमाशी काय आणते ते ठरते. ब्राझीलमधील हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचे असते आणि त्यातला मुख्य घटक आर्टेपिलिन-सी हा असतो, तर तिथल्याच किनारी भागातील लाल प्रोपोलिस डालबर्जिया या वनस्पतीच्या लाल चिकापासून येते. पॉप्लरच्या प्रदेशातील प्रोपोलिसवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष या दोघांना कसा लागू करणार? बाटलीवर फक्त ‘प्रोपोलिस अर्क ३० टक्के’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते तीस टक्के कशाचे, हे माझ्यासारख्यालाही समजत नाही.

दुसरे म्हणजे पोळ्यात आम्ही काय घालतो. वरोआ या परजीवी कोळ्याविरुद्ध फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस यांसारखी स्निग्धविद्राव्य औषधे वापरली जातात. ती मधात कमी आणि मेणात व प्रोपोलिसमध्ये अधिक साठतात. रंगवलेल्या पेटीवरून खरवडलेल्या प्रोपोलिसमध्ये रंगातले शिसेही येऊ शकते. उपचारासाठी द्यायचा माल स्वतंत्र जाळीवर गोळा केलेला असावा, असा माझा आग्रह असतो.

तिसरे हातांचे. आमच्यातल्या अनेकांना प्रोपोलिसमुळे हातांवर इसब होते. मधमाशीच्या डंखाच्या ॲलर्जीशी याचा संबंध नाही. मला डंख सोसतो, पण पेटी खरवडताना हातमोजे नसले तर दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्या फुटतात.

---

शांतवाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण @मोहोळ यांचे शेवटचे वाक्य वाचून लिहिण्याचे धाडस करते. हिरड्यांतून रक्त येत असे म्हणून मी काही महिने प्रोपोलिसयुक्त टूथपेस्ट आणि गुळण्यांचे द्रावण वापरत होते. सुरुवातीला बरे वाटले. नंतर ओठांच्या कडा लाल होऊन सोलपटू लागल्या आणि जिभेच्या टोकाला जळजळ होऊ लागली. ज्या दंतवैद्यांना दाखवले त्यांनी ‘ते तर नैसर्गिक आहे, त्याने असे होणार नाही’ असे सांगून दुसरीच कारणे शोधली, आणि मीही ते वापरत राहिले. आता माझ्या एका दाढेचे रूट कॅनाल करायचे आहे. मी काय विचारावे आणि काय सांगावे?

---

त्वक्‌परीक्षा

@शांतवाचक, आपण जे वर्णन केले आहे त्यावरून संपर्कजन्य ॲलर्जीची शंका घेणे पूर्णपणे रास्त आहे, आणि ती शंका आपल्याला आधीच सांगितली जायला हवी होती.

प्रोपोलिसची ॲलर्जी बहुधा विलंबित प्रकारची असते. प्रतिपिंडांऐवजी टी-पेशी त्यात काम करतात, त्यामुळे लक्षणे काही मिनिटांत दिसत नाहीत, एक-दोन दिवसांनी दिसतात. प्रमुख दोषी घटक म्हणजे कॅफेइक आम्लाची एस्टरे: ३-मिथिल-२-ब्युटेनिल कॅफिएट आणि तिच्याच कुळातले केप. धागाकर्तीने दाहशामक म्हणून ज्याचा उल्लेख केला तोच रेणू संवेदनशील व्यक्तीत ॲलर्जीला कारण होतो, ही बाब सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याला हवा असलेला गुण आणि नको असलेला गुण एकाच रेणूत असतील, तर अर्क कितीही शुद्ध केला तरी ते वेगळे करता येत नाहीत.

ही शक्यता पेशीविषतेच्या चाचणीत उमटतच नाही, कारण खाचेत रोगप्रतिकारक यंत्रणा नसते. संवेदीकरणासाठी आयएसओ १०९९३-१० हे वेगळे मानक आहे, आणि ‘पेशींना सुरक्षित’ म्हणून जाहीर झालेले द्रव्य त्यावर तपासलेले असेलच असे नाही. तोंडाची आतली त्वचा लाळेने सतत धुतली जाते, त्यामुळे ती तुलनेने कमी तक्रार करते. ओठांच्या कडा मात्र कोरड्या असतात आणि टूथपेस्ट तिथे रेंगाळते. म्हणून बऱ्याचदा पहिली खूण ओठांवरच दिसते.

निदानासाठी पॅच टेस्ट करतात. पेट्रोलॅटममध्ये १० टक्के प्रोपोलिस मिसळून ते पाठीवर ४८ तास ठेवतात, आणि नंतर किमान दोनदा त्वचा तपासतात. प्रोपोलिसला प्रतिक्रिया देणाऱ्यांपैकी काहींना पेरू बाल्सम (एका झाडाचा सुगंधी चीक) आणि रोझिन (पाइन झाडाची राळ) यांचीही ॲलर्जी असते. दंतोपचाराच्या दृष्टीने रोझिन महत्त्वाचे आहे, कारण काही फ्लोराइड व्हार्निशांत, काही झिंक ऑक्साइड-युजेनॉल प्रकारच्या रूट कॅनाल सीलरांत आणि हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर लावायच्या काही लेपांत ते असते. काही व्हार्निशांत तर रोझिन, लाख आणि मधमाशीचे मेण हे सारे एकत्र असते. त्यामुळे ‘प्रोपोलिस नको’ एवढेच सांगून पुरत नाही.

---

जलदकठीण

मी रेझिन आणि सिमेंटच्या रसायनावर काम करतो. प्रोपोलिस फिलिंगमध्ये मिसळण्याविषयी थोडे लिहितो.

कॉम्पोझिट रेझिन प्रकाशाने कठीण होते ते मुक्त मूलकांच्या साखळीने. लवंग तेलातल्या युजेनॉलमधील फिनॉल गट ही मूलके पकडतो आणि रेझिन नीट बसत नाही, हे प्रत्येक दंतवैद्याला ठाऊक आहे. प्रोपोलिस तर फिनॉलांचे भांडारच आहे, त्यामुळे पुरेशा प्रमाणात मिसळले तर तोच धोका राहतो. बहुवारिकीकरण अपुरे राहिले की हेमा आणि टेग्डीएमए यांसारखी मोनोमरे (रेझिनचे न जोडलेले लहान रेणू) सुटी राहून दंतिनातून मज्जेकडे झिरपतात, आणि ती पेशींना खरोखर विषारी आहेत. म्हणजे द्रव्य अधिक सौम्य करण्यासाठी घातलेला नैसर्गिक घटक ते अधिक विषारी करू शकतो, स्वतः विषारी नसतानाही. अर्क वेगळा तपासून आणि रेझिन वेगळे तपासून हे कधीच कळणार नाही. मिश्रण घट्ट झाल्यावर त्यातून काय बाहेर येते ते मोजावे लागते. म्हणूनच प्रोपोलिसची भर घातलेल्या कोणत्याही द्रव्यासाठी मी प्रथम बहुवारिकीकरणाचे प्रमाण विचारतो, आणि मगच पेशींचा निकाल पाहतो.

ग्लास आयोनोमर हे फिलिंगचे सिमेंट आम्ल-आम्लारी अभिक्रियेने बसते, म्हणून तिथे ही विशिष्ट अडचण नाही. पण इथेनॉलमधला अर्क मिसळला तर चूर्ण-द्रवाचे गुणोत्तर ढळते, आणि ताकद व विद्राव्यता पुन्हा मोजावी लागते. प्रोपोलिसचा पिवळा-तपकिरी रंग दातावर उतरतो, हे समोरच्या दातांच्या बाबतीत दुय्यम मानता येणार नाही.

---

पेशीवर्धन

@जलदकठीण, मिश्रण तपासण्याचा आपला मुद्दा मोलाचा आहे. दुसरी बाजूही नोंदवतो: हेमामुळे पेशींत वाढणाऱ्या ऑक्सिडीकारक ताणाला प्रतिऑक्सिडीकारक कमी करू शकतात, हे एन-ॲसिटिल सिस्टीनच्या बाबतीत चांगले दिसले आहे. तेव्हा फिनॉल रेझिनच्या आत असणे आणि रेझिन पूर्ण बसल्यानंतर बाहेर, पेशींजवळ असणे, यांचे परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात. दंतिनावर आधी प्रोपोलिस लावून, सुकवून, मग बॉन्डिंग करणे हा तिसराच प्रकार झाला.

---

मुखव्रण

मधाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. कर्करोगासाठी डोक्या-मानेला किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या तोंडातील आवरणाचा दाह टाळण्यासाठी मध सुचवणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये आली आहे. मधमाश्यांच्या पदार्थांपैकी तोंडातील ऊतीवर इतके स्पष्ट स्थान मिळालेले मला दुसरे माहीत नाही. मधातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पाणी मिळताच ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार करते, आणि घट्ट साखरेमुळे जिवाणूंना पाणी मिळत नाही.

पण त्याच सूचनेत दातांच्या किडीविषयीची सावधगिरी वाचायला हवी. मधाचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ असतो, आणि एनॅमल सुमारे ५.५ च्या खाली विरघळू लागते. किरणोपचाराने लाळ आटलेल्या तोंडात ही साखर आणि हे आम्ल धुऊन काढणारे काहीच नसते. मऊ ऊतीला सोसणारा पदार्थ शेजारच्या कठीण ऊतीला सोसत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही. उघड्या जखमेसाठी मध वापरायचा तर तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला हवा, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात आणि उकळल्यास विकरे नष्ट होतात.

रॉयल जेलीने दमा आणि तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. मधमाशीच्या विषातील मेलिटिन हे २६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड पेशींची पटले फोडते. या दोन्हींना दंतद्रव्यांत सध्या तरी जागा दिसत नाही.

---

मूलनलिका

सर्वांच्या प्रतिसादांमुळे धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेला. दोन उपयोगांविषयी लिहायचे राहिले होते.

पहिला, आघाताने मुळासकट निखळलेला दात. अशा दाताच्या मुळावरचे बंध ओले राहणे महत्त्वाचे असते. तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिला तर त्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. २००४ मध्ये प्रोपोलिसच्या द्रावणात या पेशी दूध आणि सलाईनपेक्षा अधिक टिकल्याचे दाखवले गेले, आणि ते निश्चितच लक्षवेधी आहे. तरीही साठवणुकीच्या माध्यमात परासरण दाब आणि पीएच हे आधी बघावे लागतात. हॅन्क्सचे संतुलित द्रावण (पेशी जपण्यासाठीचे क्षारद्रावण) आणि दूध त्या बाबतीत पेशींच्या जवळ जातात. प्रोपोलिस मात्र ज्या द्रवात मिसळले असेल त्याचाच दाब धारण करते. घरातल्या बाटलीतला अल्कोहोलयुक्त अर्क कोणी निखळलेल्या दातावर ओतला, तर वाचू शकणारे बंधही मरतील. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दूध, हॅन्क्सचे द्रावण, लाळ आणि सलाईन ही माध्यमे दिलेली आहेत, आणि अपघाताच्या वेळी तेच पाळावे.

दुसरा, उघडी पडलेली दंतमज्जा झाकणे. २००५ मध्ये उंदरांच्या दातांवर प्रोपोलिसमधून वेगळ्या काढलेल्या फ्लेव्होनॉइडांनी दाह सुरू होण्यास उशीर केला आणि चौथ्या आठवड्यात अंशतः दंतिनसेतू, म्हणजे मज्जा झाकणारा नव्या दंतिनाचा थर, तयार झालेला दिसला. इथे वापर फ्लेव्होनॉइडांच्या अंशाचा होता, संपूर्ण प्रोपोलिसचा नव्हे, आणि त्याच प्रयोगात फ्लेव्होनॉइडविरहित अंशाने तसे फळ दिले नाही, हे उद्धृत करताना गाळले जाते. @मोहोळ यांनी सांगितलेली विविधता लक्षात घेतली, तर पुढचे काम प्रमाणित अंशांवरच व्हायला हवे असे माझे ठाम मत आहे. आज माझ्यासमोर उघडी मज्जा असेल तर मी कॅल्शियम सिलिकेट सिमेंटच वापरेन.

@शांतवाचक, आपल्या प्रश्नाचे उत्तर @त्वक्‌परीक्षा यांनी बरेचसे दिले आहे. रूट कॅनालपूर्वी दंतवैद्यांना लेखी सांगा, की प्रोपोलिसयुक्त उत्पादनांनंतर ओठांना त्रास झाला आणि रोझिन व पेरू बाल्सम यांची तपासणी बाकी आहे. सीलर कोणता वापरणार, त्यात रोझिन आहे का, हे विचारा. रोझिन आणि युजेनॉल नसलेले सीलर उपलब्ध आहेत. गुट्टापर्चाच्या शंकूंसह प्रत्येक द्रव्याचे घटक उत्पादकाच्या पत्रकात पाहता येतात. दाढ दुखत नसेल आणि सूज नसेल तर पॅच टेस्ट आधी करून घेणे अधिक सोयीचे. दुखत असेल तर उपचार थांबवू नका, फक्त द्रव्ये निवडून घ्या. टूथपेस्ट आणि द्रावण आजपासूनच बंद करावे.

---

शांतवाचक

धन्यवाद. दोन्ही आजच बंद केली आहेत. दाढ सध्या शांत आहे, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. घरातला ओठांना लावायचा बामही काढून पाहिला, तर त्याच्या घटकांत मेणानंतर तिसऱ्या क्रमांकावर प्रोपोलिस आहे. तो मी या दोन्हींच्याही आधीपासून वापरत होते. तिन्हींची वेष्टने तपासणीला बरोबर नेते आणि निकाल आला की इथेच लिहिते.